शिक्षकवर्गातील वांशिक वैविध्य (अमेरिका)

विद्यार्थ्यांचे वांशिक प्रमाण शिक्षकांमध्ये कितपत उतरते, याचा हा विषय. अमेरिकेच्या सरकारी शाळांत २०१७-१८ मध्ये सुमारे ७९% शिक्षक श्वेतवर्णीय, ९% हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक वा लॅटिन अमेरिकी मूळ असलेले) व ७% कृष्णवर्णीय होते. विद्यार्थ्यांत श्वेतवर्णीय निम्म्याहून कमी होते.

या तफावतीच्या मुळाबद्दल मतभेद आहेत. ब्राउन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने (१७ मे १९५४) शाळांतील वांशिक विलगीकरण घटनाबाह्य ठरले. मात्र दक्षिणेकडील राज्यांत एकत्रीकरण झाले ते बहुधा कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद करून. मुले गोऱ्यांच्या शाळांत गेली, शिक्षक रस्त्यावर आले. कॅन्ससमधील टोपीका येथे तर निकालाआधीच, मार्च १९५३ मध्ये, एका कृष्णवर्णीय शिक्षिकेला पत्र गेले होते : विलगीकरण रद्द झाल्यास गोऱ्या मुलांसाठी कृष्णवर्णीय शिक्षक गावाला नको असतील, असे धरून शाळामंडळ चालेल. १९५४-६५ दरम्यान १७ राज्यांत ३८,००० हून अधिक कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज दिला जातो. त्यात मुख्याध्यापकही धरले आहेत. काही अभ्यासक कृष्णवर्णीयांना नंतर खुल्या झालेल्या इतर व्यवसायांवर आणि शिक्षक होण्यासाठीच्या परवाना-परीक्षांच्या अडसरावर भर देतात. ती कारणे खरी, पण पुढची. पहिला घाव बडतर्फीचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

स्ववंशीय, म्हणजे मुलाच्याच वंशाच्या, शिक्षकाचा परिणाम मोजणे अवघड असते. कोणते मूल कोणत्या शिक्षकाकडे जाते, हे वस्ती आणि तुकडीवाटपावर ठरते, त्यामुळे साधी तुलना फसते. टेनेसी राज्यात वर्गातील मुलांच्या संख्येचा परिणाम तपासणाऱ्या प्रयोगात (१९८५-८९) मात्र मुले व शिक्षक यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या) पद्धतीने वर्गांत वाटले होते. त्या नोंदींवरून अर्थशास्त्रज्ञ टॉमस डी यांना (२००४) स्ववंशीय शिक्षकाच्या एका वर्षाने गणित व वाचनात ३-४ शततमकांची (शंभर मुलांच्या क्रमवारीत ३-४ स्थानांची) वाढ आढळली. पुढील पाठपुराव्यात, तिसरीपर्यंत किमान एक कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे महाविद्यालय-प्रवेशाचे प्रमाण ६ टक्केबिंदूंनी अधिक दिसले.

यामागे शिक्षकाची मुलाकडून असलेली अपेक्षा महत्त्वाची मानतात. अनेक शाळांत प्रज्ञावंतांच्या (विशेष हुशार मुलांच्या) वर्गात जाण्याची पहिली पायरी म्हणजे वर्गशिक्षकाची शिफारस. ती झाली नाही, तर मूल चाचणीपर्यंत पोचतच नाही.

हिस्पॅनिक व मूलनिवासी विद्यार्थ्यांवरील असे अभ्यास तुरळक आहेत.

केवळ भरतीने प्रश्न सुटत नाही. कृष्णवर्णीय पुरुष शिक्षकाकडे अनेकदा शिकवण्याऐवजी शिस्तीची कामे सोपवली जातात, शाळेत तो बहुधा एकटाच असतो, आणि अनेक जण काही वर्षांत नोकरी सोडतात.