अंतर्गत कार्बन किंमत

अंतर्गत कार्बन किंमत म्हणजे कंपनी स्वतःच्या धुरावर स्वतःच लावून घेते तो दर, टनामागे इतके डॉलर किंवा इतके रुपये. टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा टन, मिथेनसारखे बाकीचे वायूही त्याच मापात बसवून धरतात. हा सरकारी कर नाही आणि बाजारातला भावही नाही, त्यामुळे न भरल्याबद्दल नोटीस येत नाही. हवामान बदलाला उद्योगांनी जे प्रतिसाद दिलेत, म्हणजे सोलर पॅनल, झाडं लावणं, नेट झीरोच्या घोषणा, त्यात हा सगळ्यात कमी दिसणारा, कारण तो फॅक्टरीत नसतो, फायनान्सच्या एक्सेल शीटमध्ये असतो. मराठीत याला ठरलेला शब्द नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत शॅडो प्राइसला, म्हणजे पैसा न हलवता नुसत्या हिशेबात धरलेल्या किमतीला, छाया किंमत म्हणतात पण तो फक्त एक प्रकार झाला, आणि कंपन्यांच्या मीटिंगमध्ये 'छाया किंमत' कोणीच म्हणत नाही, 'कार्बन प्राइस' नाहीतर नुसतं 'आयसीपी' (इंटर्नल कार्बन प्राइस) म्हणतात.

उगम

मुळातली कल्पना जुनी आहे, ए. सी. पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये मांडली ती. ज्याच्यामुळे नुकसान होतं त्याच्या हिशेबात ते नुकसान धरलं जात नाही, तर कर लावून ते धरायला लावा. पिगूच्या डोळ्यासमोर सरकार होतं, कंपनीने आपल्यालाच कर लावावा हे त्याला सुचलं असतं असं वाटत नाही. तो विचार नेमका कुठून आला यावर एकमत नाही, आणि खरं म्हणजे 'पहिलं कोण' याचं उत्तर तुम्ही व्याख्या कशी करता त्यावर ठरतं.

काही जण अमेरिकेतल्या वीज कंपन्यांपासून सुरुवात करतात. १९९० च्या आसपास तिथल्या काही राज्यांच्या नियामक आयोगांनी वीज कंपन्यांना सांगितलं की नवीन प्रकल्प निवडताना प्रदूषणाचा खर्च कागदावर धरा. मॅसॅच्युसेट्सने १९९० मध्ये कार्बन डायऑक्साइडला टनामागे २२ डॉलर धरायला लावले होते, पुढे १९९४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. पद्धत अगदी आजच्या शॅडो प्राइससारखीच, पण आकडा वरून आलेला, कंपनीने आपणहून लावलेला नाही, त्यामुळे याला पूर्वज म्हणता येईल, अंतर्गत किंमत म्हणणं जरा ओढून ताणून होतं.

दुसरं नाव बीपी या ब्रिटिश तेल कंपनीचं, आणि बरेच जण इथूनच सुरू करतात. १९ मे १९९७ ला बीपीचे तेव्हाचे प्रमुख जॉन ब्राउन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात भाषण केलं आणि हवामान बदलाचा धोका गंभीरपणे घ्यायला हवा असं जाहीरपणे म्हटलं. मोठ्या तेल कंपन्यांपैकी तोपर्यंत असं कोणी उघड बोललं नव्हतं म्हणून त्या भाषणाचा उल्लेख सतत येतो. त्यानंतर २०१० पर्यंत उत्सर्जन १९९० च्या पातळीखाली १० टक्के आणायचं असं ठरलं आणि त्यासाठी एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड या संस्थेच्या मदतीने कंपनीच्या आतच उत्सर्जनाच्या परवान्यांचा एक बाजार उभा केला. १९९८ मध्ये थोड्या युनिट्सवर प्रयोग झाला आणि जानेवारी २००० पासून सगळ्या युनिट्सवर, म्हणजे एका रिफायनरीला परवाने कमी पडले तर तिने दुसऱ्या देशातल्या आपल्याच कंपनीच्या तेलक्षेत्राकडून घ्यायचे. २००० मध्ये साधारण २७ लाख टनांचे व्यवहार झाले, सरासरी भाव साडेसात डॉलरच्या आसपास, आणि २००१ मध्ये ४५ लाख टनांच्या आसपास व्यवहार होऊन भाव ४० डॉलरला टेकला. ठरवलेलं लक्ष्य आठ वर्षं आधीच गाठलं असं कंपनीने २००२ मध्ये जाहीर केलं आणि बाजार बंद झाला.

आता वाद असा की ती घट बाजारामुळे आली का. कौतुक करणारे हो म्हणतात. डेव्हिड व्हिक्टर आणि जोशुआ हाउस यांनी २००६ मध्ये या प्रयोगाचा तपशिलात अभ्यास केला, त्यांचा कल वेगळा दिसतो, बाजारातल्या भावापेक्षा वरून आलेलं लक्ष्य आणि पहिल्यांदाच नीट मोजमाप सुरू झालं याचा हात मोठा असावा. हेच जास्त पटतं. कारण घटीचा बराचसा भाग वाया जाणारा वायू हवेत सोडणं आणि जाळणं थांबवल्यामुळे आला, आणि वाया जाणारा वायू म्हणजे तसेही पैसेच जळत होते, मोजल्यावर दिसलं इतकंच.

शेल या दुसऱ्या तेल कंपनीनेही २००० मध्ये असाच अंतर्गत बाजार काढला होता पण तो ऐच्छिक होता आणि फार चालला नाही, २००२ पर्यंत संपला. मात्र प्रकल्पांच्या हिशेबात कार्बनची किंमत धरायची सवय शेलने ठेवली, आणि पुढे बराच काळ टनामागे ४० डॉलर हा तिचा आकडा सांगितला जायचा. प्रत्यक्ष फी घेणाऱ्यांत मायक्रोसॉफ्टचं नाव पुढे येतं, जुलै २०१२ पासून तिथे प्रत्येक विभागाच्या बजेटमधून त्याच्या उत्सर्जनाप्रमाणे रक्कम कापली जाऊन वेगळ्या फंडात जाते, २०१९ मध्ये दर १५ डॉलर केला. डिस्नेने मायक्रोसॉफ्टच्याही आधी असंच काहीतरी सुरू केलेलं, पण त्याची चर्चा कमी झाली.

म्हणजे बाजार धरला तर बीपी, नुसता आकडा धरला तर शेल किंवा मॅसॅच्युसेट्सच्या वीज कंपन्या, आणि खिशातून पैसे निघाले पाहिजेत असं म्हटलं तर डिस्ने-मायक्रोसॉफ्ट. प्रस्तुत नोंदीत तिसरी व्याख्या जवळची मानली आहे, कारण पहिल्या दोन्हींत कागद जास्त आणि पैसा कमी.

हिशेब कसा लागतो

प्रकार साधारण तीन मानतात. शॅडो प्राइसमध्ये पैसा हलत नाही, नवीन प्रकल्पाचा हिशेब करताना फक्त एक खर्च जास्तीचा धरतात. फीमध्ये विभागाच्या बजेटमधून खरोखर पैसे जातात. तिसरी गर्भित किंमत, म्हणजे उत्सर्जन कमी करायला आतापर्यंत जेवढा खर्च झाला त्याला कमी झालेल्या टनांनी भागायचं, ही मागे वळून काढलेली किंमत आहे त्यामुळे तिला किंमत म्हणावं का यावरही मतभेद आहेत. टन मोजायचे कसे याची चौकट २००१ च्या ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलमधून येते, स्कोप वन म्हणजे आपल्या बॉयलर आणि गाड्यांचा धूर, स्कोप टू म्हणजे विकत घेतलेल्या विजेचा, स्कोप थ्री म्हणजे सप्लायरपासून गिऱ्हाईकापर्यंत बाकी सगळं. बहुतेक कंपन्या किंमत लावतात ती पहिल्या दोनवर, आणि गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा खरा धूर तिसऱ्यात असतो हे लक्षात ठेवावं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ कारण याशिवाय मुद्दा कळत नाही. समजा एका कारखान्यात १ कोटी रुपये घालून जुने कॉम्प्रेसर बदलले तर वर्षाला २ लाख युनिट वीज वाचते, युनिट ८ रुपये धरलं तर १६ लाख वाचले, म्हणजे पैसे सव्वासहा वर्षांत वसूल. कंपनीचा नियम पाच वर्षांचा. प्रस्ताव फेटाळला. आता कार्बनची किंमत लावा. आपल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे २ लाख युनिटला १४० टन. टनाला १० डॉलर, डॉलर २०१६ सारखा ६७ रुपयांचा धरला, तर ९४ हजार रुपये जास्तीचे वाचले असं मानायचं, वसुली ५.९ वर्षांवर येते. तरीही फेटाळला! ४० डॉलर लावले तरी पाच वर्षांच्या थोडं वरच राहतं. ५० डॉलरला मात्र ४.८ वर्षं होतात आणि प्रस्ताव पास.

म्हणून दर किती हा प्रश्न शोभेचा नाही. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि निकोलस स्टर्न या अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २०१७ मध्ये तापमानवाढ रोखण्याच्या पॅरिस कराराशी जुळणारी किंमत २०२० पर्यंत ४० ते ८० डॉलर आणि २०३० पर्यंत ५० ते १०० डॉलर असायला हवी असं सांगितलं, संयुक्त राष्ट्रांच्या ग्लोबल कॉम्पॅक्टने तर २०२० पर्यंत किमान १०० डॉलर म्हटलं होतं. कंपन्यांचे आकडे बहुतेक वेळा याच्या बरेच खाली असतात. कमी दराचा उपयोगच नाही असं मात्र नाही, फी असेल तर जमलेल्या फंडातून प्रकल्पाला थेट पैसे देता येतात, तिथे पाच वर्षांचा नियमच आडवा येत नाही. १० डॉलरची फी ही १० डॉलरच्या शॅडो प्राइसपेक्षा जास्त काम करू शकते, हे अकाउंट्सवाल्यांना लगेच समजतं, बाकीच्यांना जरा वेळ लागतो.

एक्सॉन खटला

शॅडो प्राइस कोणालाच दिसत नाही, त्यामुळे ती खरंच लावली का हे बाहेरच्याला कळणार कसं, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला तो न्यूयॉर्कमध्ये. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या ॲटर्नी जनरलने, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाने, एक्सॉनमोबिल या तेल कंपनीवर दावा लावला, आरोप असा की गुंतवणूकदारांना कार्बनचा एक चढा आकडा सांगायचा आणि आतल्या हिशेबात कमी आकडा वापरायचा. कंपनीचं म्हणणं की हे दोन वेगळे आकडे वेगळ्या कामासाठी आहेत, एक जगातल्या तेलाच्या मागणीचा अंदाज बांधायला आणि दुसरा एकेका प्रकल्पाचा खर्च काढायला. १० डिसेंबर २०१९ ला निकाल कंपनीच्या बाजूने लागला, गुंतवणूकदारांची फसवणूक सिद्ध झाली नाही. न्यायाधीशांनी त्याच निकालात हेही नोंदवलं की हा खटला शेअरबाजारातल्या फसवणुकीचा आहे, हवामान बदलाचा नाही, आणि हवामान बदलातल्या कंपनीच्या जबाबदारीतून यामुळे सुटका होत नाही. पुढच्या काळात कंपन्या आपल्या अहवालात किंमत कुठे लावली हे जरा जपून लिहायला लागल्या असाव्यात.

प्रसार

सीडीपी या संस्थेकडे कंपन्या आपल्या उत्सर्जनाची माहिती स्वतःहून देतात, तिच्या आकड्यांनुसार २०१४ मध्ये अंतर्गत किंमत वापरणाऱ्या कंपन्या १५० च्या आसपास होत्या, २०१७ मध्ये ६०० च्या वर, आणि २०२० मध्ये वापरणाऱ्या व पुढच्या दोन वर्षांत वापरू म्हणणाऱ्या मिळून २,००० च्या वर. यातले 'वापरू' म्हणणारे बाजूला काढूनच आकडा वाचावा. कंपन्यांबाहेर येल विद्यापीठाने २०१७ पासून आपल्या इमारतींवर टनामागे ४० डॉलर लावले.

भारतात

भारतात पहिली म्हणून महिंद्रा अँड महिंद्राचं नाव घेतात, ऑक्टोबर २०१६ मध्ये टनामागे १० डॉलर जाहीर केले, आणि त्यातून एलईडी, ऊर्जाबचत, अपारंपरिक ऊर्जा अशा कामांना पैसा वळवायचा असं कंपनीने सांगितलं होतं. याच कंपनीचा नाशिक जिल्ह्यातला इगतपुरीचा कारखाना २०१८ मध्ये कार्बन न्यूट्रल म्हणून प्रमाणित झाला. आधी दिलेल्या हिशेबाप्रमाणे १० डॉलर म्हणजे विजेच्या युनिटमागे ४७ पैसे.

सरकारी बाजूने कोळशावरचा उपकर होता, २०१० मध्ये टनाला ५० रुपये, वाढत वाढत २०१६ मध्ये ४००. आपला एक टन कोळसा जाळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे टनामागे ४ डॉलरच्या आसपास पडले. २०१७ मध्ये तो जीएसटी भरपाई उपकरात गेला. सेबीने २०२२-२३ पासून वरच्या १,००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, सक्तीचा केला, त्यात उत्सर्जन सांगावं लागतं, अंतर्गत किंमत लावावीच असं बंधन नाही. २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम आली, तिच्याखाली ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा) आणि कागद उद्योगांना २०२५ मध्ये उत्पादनाच्या टनामागे किती उत्सर्जन चालेल याची लक्ष्यं मिळाली. एमआयडीसीतल्या छोट्या युनिट्समध्ये ही पद्धत जवळपास नाहीच, तिथे कार्बनचा प्रश्न येतो तो मोठ्या गिऱ्हाईकाच्या फॉर्ममधून.

निर्यातदारांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. युरोपियन युनियनचा सीमेवरचा कार्बन कर, म्हणजे सीबॅम, १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसत्या माहितीसाठी होता आणि १ जानेवारी २०२६ पासून पैशांसाठी सुरू झाला, त्यात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं आहेत, साधे नटबोल्टसुद्धा आहेत. मूळ देशात कार्बनसाठी भरलेली रक्कम त्यातून वजा मिळते, पण ती कायद्याने भरलेली लागते, कर म्हणून किंवा परवान्यांसाठी. कंपनीने आपल्या एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकलेले १० डॉलर तिथे धरत नाहीत.