घरी मॉन्टेसरी, तेही सहा वर्षांपुढच्या पोरांसाठी: हे सगळं आलं कुठून?

पोरगं दुसरीत-तिसरीत आहे, घरी मॉन्टेसरीचं, म्हणजे पोराने वस्तू हाताळत स्वतःच शिकायचं त्या पद्धतीचं, काहीतरी करून घ्यायचं आहे, किट कुठून मागवू, हा प्रश्न आता वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांतूनही ऐकू येतो. उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, अमुक साइट बघा, लाकडी सेट आहे, मण्यांची पेटी आहे. किंमत बघितली की विषय तिथंच संपतो, कारण तेवढ्यात एखाद्या एकराचं बियाणं-खत निघते. माझं म्हणणं एवढंच आहे की सहा ते बारा वयाचं जे मॉन्टेसरी आहे ते काही दुकानात तयार झालं नाही, त्यातला मोठा हिस्सा आपल्याच देशात, महायुद्धाच्या काळात, हाताशी जे होतं त्यातून उभा राहिला, आणि साधारण त्याच सुमारास आपल्या वर्ध्यात त्याच वयाच्या लेकरांसाठी एक वेगळं काम चालू झालं होतं. हे माहीत नसलं की माणूस कॅटलॉगच्या नादी लागतो.

सुरुवातीचं बऱ्याच जणांना माहीत असते म्हणून पटकन सांगते. मारिया मॉन्टेसरी, जन्म १८७० चा, इटलीतला, १८९६ मध्ये डॉक्टर झाल्या, आधी मंदबुद्धी म्हणून वेगळ्या ठेवलेल्या मुलांबरोबर काम केलं, त्यासाठी इटार आणि सेगँ या जुन्या फ्रेंच डॉक्टरांचं लिखाण आणि साधनं धुंडाळली, आणि ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. आता हे बालगृह म्हणजे वेगळी शाळा नव्हती बरं का, मजुरांच्या चाळीतलीच एक खोली होती. मायबाप दिवसभर कामावर आणि मोकळी पोरं जिने-भिंती खराब करायची, म्हणून इमारत सांभाळणाऱ्या कंपनीने बाईंना बोलावलं. भिंतीवर नियम लावलेले होते, त्यात लेकरू धुऊन-पुसून पाठवा हे तर होतंच, पण आईने आठवड्यातून एकदा तरी येऊन तिथल्या शिक्षिकेशी बोललंच पाहिजे हेही होतं. घर वेगळं आणि शाळा वेगळी असा मामला तिथं नव्हताच.

पण ती सगळी लहान पोरं, सहा-सात वर्षांच्या आतली. मोठी झाल्यावर काय, हा प्रश्न बाईंपुढंही आला आणि १९१६ मध्ये त्यांनी प्राथमिक शाळेच्या वयावर पुस्तक काढलं. मग बार्सिलोनात राहत असताना १९३४ मध्ये अंकगणित आणि भूमितीवर दोन पुस्तकं आली. आज घरी आपण दहाच्या काड्या, शंभरचा चौकोन, हजारचा ठोकळा असं जे करून घेतो किंवा गुणाकारासाठी रंगीत चौकटींचा पट मांडतो, त्यामागचा विचार त्या काळातला आहे. त्याच १९३४ च्या सुमारास मुसोलिनीने इटलीतल्या मॉन्टेसरी शाळा बंद पाडल्या, जर्मनीत नाझींनी आधीच पाडल्या होत्या, १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी सुरू झाली आणि बाईंना तिथूनही निघावं लागलं, मग हॉलंड. म्हणजे साधनांची तयार पेटी घेऊन निवांत बसलेली बाई नव्हती ती, दर काही वर्षांनी बिऱ्हाड उचलावं लागत होतं.

आता भारत. नोव्हेंबर १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटी या सर्वधर्मीय विचारांच्या संस्थेच्या बोलावण्यावरून बाई मद्रासच्या अड्यारला आल्या, सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणीदेवी यांच्या पुढाकाराने, सोबत मुलगा मारिओ. वय ६९. थोड्या महिन्यांचा कोर्स घ्यायचा आणि परत जायचं असा बेत होता, पण जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरलं आणि इंग्रज सरकारच्या लेखी हे दोघं शत्रूदेशाचे नागरिक झाले. मारिओला अहमदनगरच्या छावणीत ठेवलं, बाईंना अड्यार सोडायची बंदी. ३१ ऑगस्ट १९४० ला बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी मारिओला सोडलं, पण देश काही सोडता आला नाही, आणि मुक्काम १९४६ पर्यंत लांबला.

त्यातली १९४२ ते १९४४ ही वर्षं त्यांनी कोडाईकनालच्या डोंगरात काढली, आणि सहा ते बाराचं जे मॉन्टेसरी म्हणून आज जगभर शिकवतात ते खऱ्या अर्थानं तिथं आकाराला आलं. तिथं वेगवेगळ्या वयाची पोरं एकत्र होती, काही लहान, काही दहा-बारा वर्षांची, आजूबाजूला झाडं, दगड, किडे, ओढे, आणि युद्धामुळे युरोपातून साधनं येण्याचा प्रश्नच नाही. श्रीलंकेच्या लेना विक्रमरत्ने यांनी बाई आणि मारिओबरोबर तिथं काम केलं. आधी सगळं विश्व पोरापुढं ठेवायचं, पृथ्वी कशी झाली, जीव कसे आले, माणूस कसा आला, अक्षरं कशी आली, आकडे कसे आले, आणि मग त्या मोठ्या गोष्टीतून एकेका विषयात शिरायचं, ही पद्धत तिथं पक्की झाली. बाईंनी ही कल्पना १९३५ मध्येच इंग्लंडात मांडली होती, पण हाताने करून बघायला मिळालं ते इथं. लहान पोराला हात लावायला वस्तू लागते आणि सहाच्या पुढच्याला का आणि कसं लागतं, असं त्यांचं निरीक्षण, आणि ज्याच्या घरी आठ वर्षांचं पोरगं आहे त्याला हे वेगळं सांगायची गरज नाही.

काळ्या पट्टीची गोष्ट याच मुक्कामातली. मॉन्टेसरी ट्रेनिंगमध्ये ती अशी सांगतात की आपल्याकडची काही मुलं बाईंना म्हणाली, आमची संस्कृती किती जुनी, तुमचा देश तर कालचा, तुम्ही आम्हाला काय शिकवणार. बाईंनी वाद घातला नाही. पृथ्वीचं वय दाखवणारी, काळ्या कापडाची जवळपास तीनशे मीटर लांब पट्टी करवून घेतली, ती गुंडाळून सायकलला लावली आणि रस्त्यावर उलगडत नेली, मुलं चालतायत, चालतायत, पट्टी संपतच नाही, आणि एकदम टोकाला माणसाच्या वाट्याची एक बारीकशी रेघ. तिच्यापुढं इटली काय आणि भारत काय. वर्गात आता तीस मीटरची वापरतात.

ही पट्टी घरी करायला आपल्याकडं काही म्हणजे काही लागत नाही, आणि मला विचाराल तर विदर्भात ती जास्त चांगली होते. सुताची किंवा बैलाच्या कासऱ्याची दोरी जोडून ४६ मीटर करा. पृथ्वीचं वय साधारण ४६० कोटी वर्षं, म्हणजे एक मीटर म्हणजे दहा कोटी आणि एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख वर्षं. घराच्या दारापासून सुरू करून गल्लीत सोडत न्या. शेवटाच्या ६६ सेंटिमीटर आधी एक गाठ मारा, तिथं डायनासोर संपले, आणि साधारण तिथंच जमिनीतून लाव्हा वाहून दख्खनचा काळा दगड थरावर थर बसत गेला, ज्याची झीज होऊन आपल्या वावरातली काळी माती झाली. पोराला सांगा की तू ज्या मातीत पऱ्हाटी लावतो ती या गाठीपासूनची आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथल्या वावरातून डायनासोरची हाडं निघालेली आहेत, हेही सांगा, डोळे मोठे होतात. आणि माणूस? आपल्यासारखा माणूस साधारण तीन लाख वर्षांचा, म्हणजे दोरीचे शेवटचे तीन मिलिमीटर. शेजारची एखादी म्हातारी म्हणतेच, "कायचा अभ्यास होय वं माय हा, दोऱ्या मोजाचा?" म्हणू द्या. त्या पोराला कोटी आणि लाख यातला फरक जन्मात विसरायला होत नाही.

आता वर्ध्याकडं येऊ, कारण हा धागा आपल्या घरचा आहे आणि तोच लोकांना कमी माहीत असतो. गांधीजी २८ ऑक्टोबर १९३१ ला लंडनमध्ये मॉन्टेसरीबाईंच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन बोलले होते, आणि तिथं त्यांनी आशा व्यक्त केली ती अशी की हे शिक्षण श्रीमंतांच्या पोरांपुरतं न राहता अगदी कंगालांच्या पोरांपर्यंत पोचावं. सहा वर्षांनी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला, वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली गेली आणि त्यातून नई तालीम आली, सात ते चौदा वयासाठी, मातृभाषेतून, हाताच्या कामाभोवती. कमिटीच्या वेळापत्रकात साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं फक्त उद्योगाला होती. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात, आर्यनायकम आणि आशादेवी या जोडप्याने ते चालवून दाखवलं.

आता तिथं तकलीवर, म्हणजे हाताने सूत कातायच्या चातीवर, बसलेल्या नऊ वर्षांच्या पोराकडं बघा. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. पोरगं सूत गुंडाळताना मोजते, आज किती तार झाले, गुंडीला किती कमी, पूर्ण गुंडी उलगडली तर किती फूट (२५६०), मीटरमध्ये किती, कापूस किती ग्रॅम लागला, नास किती गेला. पाढे, गुणाकार, भागाकार, अपूर्णांक, सगळं त्यात आहे आणि मोजमाप खोटं नाही. मॉन्टेसरीच्या मण्यांच्या साखळ्या आणि ही गुंडी, दोन्हीकडं आकडा बोटांतून जातो.

फरकही आहे आणि तो झाकायचं कारण नाही. नई तालीममध्ये कामातून उत्पन्न निघावं, शाळेचा खर्च त्यातून भागावा असा आग्रह होता, आणि त्यावर तेव्हाही टीका झाली की याने पोरांची मजुरी होईल. मॉन्टेसरीत मूल काम करतं ते स्वतःच्या वाढीसाठी, विकायला नाही. मला स्वतःला इथं मॉन्टेसरीबाईंचं जास्त पटते, कारण आमच्याकडं पोरं कापूस वेचायला तशीही जातात आणि त्याला कोणी शिक्षण म्हणत नाही, पण साधनं कुठून आणायची या बाबतीत मात्र सेवाग्राम बरोबर होतं. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली, शेती, सूतकताई, स्वयंपाक तिथं अभ्यासातच आहे, तिकडचे असाल तर एकदा जाऊन या.

हे दोन धागे एकत्र बांधायचं काम ज्यांनी केलं त्यात एक नाव अमरावतीशी जोडलेलं आहे. ताराबाई मोडक, जन्म १८९२, लग्नानंतर काही वर्षं अमरावतीला होत्या. नंतर राजकोट, आणि तिथून १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांकडं, ज्यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर काढून मॉन्टेसरी गुजरातीत आणलं होतं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण शहरातल्या बालमंदिरात खुर्च्या-टेबलं आणि विकतची साधनं, ते खेड्यात कसं जाणार, म्हणून १९४५ मध्ये ताराबाई डहाणूकडच्या बोर्डी गावी गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या, आणि शंख-शिंपले, बिया, दगड, पानं हीच साधनं झाली. लेकरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. १९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या आदिवासी भागात गेलं आणि तिथं सहाच्या पुढच्या पोरांचा प्रश्न समोर आला, कारण ती पोरं दिवसभर गुरं राखायची. मग कुरणशाळा. ढोरं चरतात तिथंच, झाडाखाली शिकवायचं. म्हणजे घरातलं आणि शाळेबाहेरचं शिक्षण ही आजची फॅशन नाही, ज्यांना शाळेत यायला वेळच नव्हता त्यांच्यासाठी आधी केलेली सोय आहे.

मग हा मोठ्या पोरांचा भाग आपल्याकडून गेला कुठं? मला दिसते ते असं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली, पण ती सहा वर्षांपर्यंतच. त्यापुढं जिल्हा परिषदेची शाळा, तिथं पुस्तक आणि परीक्षा. तालुक्याच्या गावी मॉन्टेसरीच्या पाट्या लागल्या त्या नर्सरी-केजीच्या, टाय-बूट घालून ए फॉर ॲपलवाल्या. त्यामुळे आपल्याकडं समज असा पक्का झाला की मॉन्टेसरी म्हणजे लहान पोरांचं, पहिलीत गेलं की संपलं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा समज थोडा हलला. गावात नेटवर्क नाही, एक मोबाइल आणि तोही बापाच्या खिशात, मग ज्या घरात आई थोडी शिकलेली आहे तिथं तुरीच्या दाण्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, कॅलेंडरच्या पाठीमागं काढलेला चौकटींचा पट, नामाला काळा त्रिकोण आणि क्रियापदाला लाल गोळा लावून केलेलं व्याकरण, असं काहीबाही सुरू झालं. यातली चिन्हं खरोखर मॉन्टेसरीची आहेत, दाणे आपले. आणि एक सांगून ठेवते, जुन्या पद्धतीच्या मॉन्टेसरी शाळा या वयाला होमवर्क देतच नाहीत. घरी करायचं ते घरचंच काम, स्वयंपाकात माप धरणं, किराण्याचा हिशोब, आजीला पत्र लिहिणं. घरी वर्कशीटचा ढीग लावून त्याला मॉन्टेसरी म्हणणं हा अलीकडचा उद्योग आहे.

सहा ते बाराच्या मॉन्टेसरीत एक प्रकार आहे, पोरांनी स्वतः ठरवून बाहेर जायचं, ज्या प्रश्नाचं उत्तर वर्गात नाही ते शोधायला. सहल नाही ही, दोन-तीन पोरं, प्रश्न त्यांचा, फोन तेच करणार, पैसे तेच मोजणार, मोठं माणूस सोबत असलं तरी मागं. दोरीवरच्या गाठीनंतर पोरांनी लोणारचा विषय काढला तर नवल नाही, की तिथलाही दगड तोच काळा, मग एवढा खड्डा कसा पडला आणि पाणी खारं का. मग त्यांनाच बस स्टँडवर चौकशी करू द्या, मेहकरला उतरून पुढची गाडी किती वाजता, जाऊन-येऊन किती होतील, डबा काय न्यायचा. एसटीचं अर्धं तिकीट पाच ते बारा वयाला आहे, तेव्हा हिशोबात एक भागाकार आपोआप येतो.