निक टीमिंग

सर्व्हरमधील दोन किंवा अधिक नेटवर्क कार्डे (निक) एकत्र जुंपून ती एकच असल्यासारखी वापरण्याची पद्धत. लिनक्समध्ये हिलाच बाँडिंग म्हणतात. व्हर्च्युअल मशीन्स (सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक) चालवणाऱ्या सर्व्हरवर एक केबल निघाली की सगळीच मशीन्स एकदम तुटतात, म्हणून तेथे ती जवळजवळ अनिवार्य ठरते.

उगमाबद्दल एकवाक्यता नाही. सामान्यतः तो १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात, ‘कल्पना’ नावाच्या कंपनीच्या इथरचॅनल या तारा जुंपण्याच्या तंत्रापाशी नेतात; ही कंपनी सिस्कोने १९९४ मध्ये घेतली. लिनक्सचा बाँडिंग ड्रायव्हर मात्र डोनाल्ड बेकर यांच्या लिनक्स कर्नल २.० साठीच्या बेओवुल्फ पॅचेसमधून (साधे संगणक जोडून समूह उभारण्याच्या प्रकल्पातील सुधारणांमधून) आला. दोन स्वतंत्र घराणी मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अशा जोडणीचे ८०२.३एडी हे प्रमाणक २००० साली आले आणि २००८ मध्ये ते ८०२.१एएक्स झाले.

भाराच्या वाटणीविषयी गैरसमज फार. एक गिगाबिटची दोन कार्डे जोडली म्हणून एकाच फाइलीची नक्कल दोन गिगाबिटने होत नाही. एक प्रवाह सहसा एकाच तारेवरून जातो. आयपी हॅश या वाटणीच्या पद्धतीत दोन्ही टोकांच्या आयपी पत्त्यांच्या एक्सऑरवरून (बिटागणिक तुलनेवरून) तार ठरते. मशीनचा पत्ता .१० आणि ग्राहकांचे .२०, .२२, .२४ असले, तर सम-सम जुळून सगळा भार एकीवर पडतो व दुसरी रिकामी राहते. शिवाय या पद्धतीला स्विचवरही (केबली जिथे खोचतात त्या नेटवर्कच्या पेटीवरही) तशीच मांडणी लागते. व्हीएमवेअर हे व्हर्च्युअल मशीन्स चालवणारे सॉफ्टवेअर मुळात प्रत्येक मशीनच्या आभासी पोर्टवरून तार ठरवते. लहान कार्यालयाला हेच पुरते.

तार तुटल्यावर होस्ट, म्हणजे मशीन्स चालवणारा सर्व्हर, त्या मशीनच्या वतीने आरएआरपी फ्रेम (तिचा पत्ता कळवणारा छोटा संदेश) पाठवतो, म्हणजे स्विचला नवी वाट कळते. पण लिंकचा दिवा फक्त जवळच्या टोकाचे सांगतो. पलीकडचा बिघाड त्याला दिसत नाही. त्यासाठीच्या बीकन तपासणीला (कार्डांनी एकमेकांना चाचणी-संदेश पाठवण्याला) किमान तीन कार्डे हवीत: दोनच असली, तर दोष कोणाचा हे ठरत नाही. तार परत जोडल्यावरही घाई नडते. स्पॅनिंग ट्रीमुळे (जाळ्यात वर्तुळ होऊ न देणाऱ्या नियमावलीमुळे) स्विचचा पोर्ट सुमारे ३० सेकंद गप्प असतो, आणि होस्ट मात्र तो तयार आहे असे समजून वाहतूक तिकडे वळवतो.

बडोद्यात, दांडिया बाजारातील एका कार्यालयात प्रस्तुत लेखकाने पाहिलेली जोडी शास्त्रशुद्ध होती: दोन कार्डे, दोन केबली, लाल आणि निळी. दोन्ही एकाच स्विचमध्ये खोचलेल्या. आणि स्विचचा प्लग, पंख्यासाठी कोणी काढलेला.