रुक्या, झार आणि अंगात येणे : पार्श्वभूमी

जिन, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, आहेत की नाहीत, यावर इस्लाममध्ये फारसा वाद नाही. कुराणाचा ७२ वा अध्याय त्यांच्याच नावाचा आहे. वाद आहे तो जिन माणसाच्या अंगात शिरतो का, आणि शिरला तर त्याला काढायचे कसे, यावर.

गुंता सुरू होतो 'मस' या शब्दापासून. व्याजखोर कसे उठतील हे सांगताना कुराण (२:२७५) सैतानाच्या 'मस'ने, म्हणजे स्पर्शाने, भ्रमिष्ट झालेल्या माणसाची उपमा देते. मुतझिला या बुद्धिवादी परंपरेतल्या भाष्यकारांच्या मते ही अरबांच्या समजुतीतली बोली होती. सैतान कुजबुजतो, ताबा घेत नाही. बहुसंख्य सुन्नी पंडितांनी स्पर्श खराच मानला.

हदीसमधला, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदींतला, एक प्रसंग मात्र दोन्ही बाजूंनी पुन्हा वाचायला हवा. फेफऱ्याने बेजार झालेली एक स्त्री पैगंबरांकडे आली. झटका आला की अंगावरचे कपडे सरतात, असे तिने सांगितले. सोसलेस तर जन्नत, नाहीतर बरे वाटावे म्हणून दुआ करतो, असे दोन पर्याय तिला मिळाले. तिने सोसणे निवडले आणि एवढेच मागितले, की अंग उघडे पडू नये. त्या दुखण्यातही तिची लाज आणि तिचा निर्णय जपला गेला.

पुढे काठी आली. चौदाव्या शतकात दमास्कसच्या एका पंडिताच्या शिष्याने लिहून ठेवले आहे, की गुरूंनी रोग्याच्या कानात आयत, म्हणजे कुराणातले वचन, म्हटली आणि हात दुखेपर्यंत मानेवर काठी मारली. रोगी शुद्धीवर आला तेव्हा मार त्याच्या गावीही नव्हता. ही नोंद आजही आधार म्हणून दाखवली जाते. पण एका नोंदीवरून दुबळ्या माणसाला बडवण्याची मुभा काढणे मला अक्षम्य वाटते.

१९८७ मध्ये वाद नव्याने पेटला. रियाधमध्ये एका ज्येष्ठ धर्मपंडितासमोर एका स्त्रीच्या तोंडून जिन बोलला. आपण भारतातला बौद्ध आहोत असे त्याने सांगितले आणि इस्लाम स्वीकारला, अशी हकीकत वृत्तपत्रांत आली. दुसऱ्या नामवंत विद्वानाने ती धुडकावली. बाईजवळ ध्वनिमुद्रण असू शकते, असेही सुचवले. त्यावर पहिल्या पंडिताचे लेखी उत्तर निघाले आणि त्यात तोच 'मस' पुन्हा पुढे आला. या उत्तराने अंगात शिरण्याच्या मताला मोठे वजन मिळाले. नंतर रुक्या, म्हणजे कुराणपठणाने उपचार, कॅसेटवरून आणि मग वाहिन्यांवरून घरोघर गेला.

रुक्याला मुळातच अट होती : त्यात शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला बसवणे, नसावे. झार नेमका इथे अडकतो. एकोणिसाव्या शतकात इजिप्त आणि सुदानमध्ये पसरलेल्या या बायकांच्या विधीत जिनला हाकलत नाहीत, त्याची समजूत काढतात. ढोल वाजतात, धूप फिरतो, जिन दागिना, विशिष्ट रंगाचे वस्त्र किंवा बळी मागतो, आणि हे नाते जन्मभर चालते. मौलवींच्या लेखी ही उघड आराधना. झारमधल्या बायका मात्र स्वतःला मुसलमानच म्हणवतात आणि सुरुवात पैगंबरांच्या स्तुतीने करतात.

१९८९ च्या इस्लामवादी सत्तापालटानंतर सुदानमध्ये झारवर दडपण आले. कैरोत त्याची गाणी आता छोट्या सभागृहात, तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोरही होतात.