नवीकरणीय व अनवीकरणीय ऊर्जास्रोत

ज्या नैसर्गिक साधनांपासून उष्णता, प्रकाश किंवा गती मिळवता येते, त्यांना ऊर्जास्रोत म्हणतात. वापर चालू असतानाच जे भरून निघतात ते नवीकरणीय : सूर्यप्रकाश, वारा, वाहते पाणी, जैवभार (वनस्पती व प्राण्यांपासून मिळणारे जाळता येणारे द्रव्य). जे भरून यायला लक्षावधी वर्षे लागतात ते अनवीकरणीय : दगडी कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू. युरेनियम तर पृथ्वीवर नव्याने तयारच होत नाही. मुले या दोन याद्या पाठ करतात, पण याद्यांमागचे तत्त्व एकच आहे. एखादा स्रोत आपण किती वेगाने संपवतो आणि निसर्ग तो किती वेगाने भरून काढतो, यावर त्याचा वर्ग ठरतो.

इंदूरच्या मुलांना हे तत्त्व घरच्या ओल्या कचऱ्यातूनच पडताळता येते. रामबाग किंवा लोकमान्य नगरातल्या एखाद्या घरी भुट्ट्याचा किस (किसलेल्या मक्याचा पदार्थ) झाला की बादलीत कणसाची साले, बुरकुंडे (दाणे काढलेल्या कणसाचे दांडे), मिरच्यांची देठे आणि पिळलेल्या लिंबाच्या फोडी उरतात. कचरागाडीतून हा ओला कचरा देवगुराडिया येथील जैववायू प्रकल्पात जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा हाताळण्याची आहे. हवाबंद टाक्यांत जिवाणू कचरा कुजवतात. त्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो, उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. हे दोन्ही काढून टाकले की बायो-सीएनजी मिळतो आणि शहरातील बसगाड्यांत भरला जातो. उरलेल्या गाळाचे खत होते.

जमिनीखालून काढलेल्या नैसर्गिक वायूतही मुख्यतः मिथेनच असतो. दोन्हींची ज्योत सारखीच निळी आणि जळल्यावर दोन्हींतून कार्बन डायऑक्साइडच निघतो. तरी एक नवीकरणीय आणि दुसरा अनवीकरणीय, कारण कणसातला कार्बन गेल्या पावसाळ्यात हवेत होता आणि पुढच्या पिकात तो पुन्हा शिरेल. खनिज वायूतला कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वी हवेतून बाहेर पडून गाडला गेला होता. तो जाळल्याने हवेतल्या कार्बनमध्ये निव्वळ भर पडते.

दगडी कोळसा. टाकीत साले लवकर कुजतात, बुरकुंडे मात्र रेंगाळतात. त्यांतील लिग्निन हा काष्ठद्रव्याचा घटक ऑक्सिजनशिवाय जवळजवळ फुटत नाही. कोळशाच्या उत्पत्तीचा वाद याच द्रव्याभोवती फिरतो. युरोप व उत्तर अमेरिकेतील मोठे साठे सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बनी कालखंडातले आहेत. त्या काळी लिग्निन फोडणाऱ्या बुरशा अस्तित्वातच नव्हत्या, म्हणून लाकूड न कुजता साचत गेले, असे एक मत आहे. बुरशांच्या जनुकांच्या २०१२ मधील अभ्यासाने त्याला बळ दिले. या अभ्यासानुसार अशा बुरशा कार्बनी काळाच्या अखेरीच्या सुमारास, साधारण २९ कोटी वर्षांपूर्वी आल्या असाव्यात. दुसऱ्या मताचे अभ्यासक दलदल, दमट हवामान आणि सतत खचत जाणारी खोरी यांना कारण मानतात. त्या काळच्या कोळशात मोठा वाटा असलेल्या वृक्षांत लिग्निन तुलनेने कमी होते, हे त्यांनी २०१६ मध्ये दाखवले. भारतीय पुरावा दुसऱ्या मताकडे अधिक झुकतो. आपला गोंडवनी (गोंडवन खडकसमूहात सापडणारा) कोळसा प्रामुख्याने त्यानंतरच्या पर्मियन काळातला, म्हणजे बुरशा आल्यानंतरचा आहे. तरीही सिंगरौलीतील झिंगुर्डा थर १३० मीटरहून जाड आहे. या खाणींतल्या खडकांत ग्लॉसॉप्टेरिस वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सापडतात. मधली शीर आणि तिच्यापासून निघालेले शिरांचे जाळे त्यांत नुसत्या डोळ्यांनी दिसते.

दलदलीत पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, साधारणपणे वर्षाला एक मिलिमीटर साचते. एक मीटर कोळशासाठी कित्येक मीटर पीट दबावे लागते. म्हणजे नुसते साचण्यातच हजारो वर्षे जातात, आणि जमिनीखालच्या उष्णतेने व दाबाने त्याचा कोळसा व्हायचा काळ वेगळाच. देवगुराडियाच्या टाकीत मात्र कचऱ्यापासून इंधन काही आठवड्यांत मिळते.

खनिज तेल डायनोसॉरांपासून बनले, ही समजूत चुकीची आहे. ते मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून बनले. १८७७ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंदेलेयेव्ह यांनी तेलाची अजैविक उत्पत्ती सुचवली होती. परंतु १९३० च्या दशकात तेलात हरितद्रव्याशी नाते सांगणारी संयुगे सापडल्यावर जैविक मताला मोठे बळ मिळाले.

जलविद्युत. भारतात पूर्वी २५ मेगावॉटपर्यंतचेच जलविद्युत प्रकल्प सरकारी हिशोबात नवीकरणीय धरले जात. मार्च २०१९ मध्ये मोठ्या प्रकल्पांनाही ती मान्यता मिळाली. नर्मदेवरील इंदिरा सागर (१,००० मेगावॉट) व ओंकारेश्वर (५२० मेगावॉट) हे दोन्ही २५ मेगावॉटच्या मर्यादेबाहेरचे होते. पाऊस दरवर्षी नदी भरतो, म्हणून शास्त्रीय दृष्टीने नवे वर्गीकरण बरोबर आहे. मात्र बुडालेली गावे आणि जंगले दरवर्षी भरून येत नाहीत. मुलांना शिकवताना ही बाजू वगळू नये.

सौर व पवन. देवासजवळच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत. ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगती सौरपटले बसवली आहेत. इंदूरचे पाणी १९७८ पासून नर्मदेतून येते. नर्मदाकाठच्या जलूद येथून ते सुमारे ७० किमी वाहून आणून माळव्याच्या पठारावर चढवावे लागते आणि पंपांना प्रचंड वीज लागते. या विजेसाठी महापालिकेने ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला व २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे) काढले. सौरपटले दिवसाच वीज देतात, पंप रात्रीही चालतात. त्यामुळे दिवसाची वीज वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्यात सोडून रात्री जाळ्यातूनच वीज घ्यावी लागते आणि त्या रात्रीच्या विजेत कोळशाचा वाटा अजून मोठा असतो.