‘द डनविच हॉरर’: डोळ्यांआधी कानांना कळलेली भीती

रात्रीचे तीन वाजलेत. डनविच खेड्यातल्या घराघरांतले फोन एकदम वाजू लागतात. सगळ्या घरांना मिळून एकच तार, त्यामुळे फोन कोणीही केला तरी घंटा सगळीकडे वाजणार. ज्यांनी रिसीव्हर उचलला त्यांच्या कानावर भीतीने पिसाटलेला आवाज पडतो, ‘वाचवा!’ त्यामागोमाग काहीतरी कोसळल्याचंही काहींना वाटतं. पुढे काहीच नाही. उजाडल्यावर लोक एकेका घरी फोन लावतात, तेव्हा फक्त फ्राय कुटुंबाकडून उत्तर येत नाही.

‘द डनविच हॉरर’ या भयकथेचं पुढे रेडिओ नाटक झालं, पण हा प्रसंग रेडिओसाठी लिहिलेला नाही. एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकी लेखकाने १९२८ च्या उन्हाळ्यात लिहिलेल्या मूळ कथेतच तो आहे. म्हणून मला वाटतं, ‘द डनविच हॉरर’ रेडिओवर जाण्याआधीच अर्धीअधिक कानांची कथा होती. तिच्यातला राक्षस अदृश्य आहे. तो कळतो तो मोडलेल्या झाडांवरून, दुर्गंधीवरून आणि आवाजावरून. तो कोणाचं भूत नाही, त्याला कसला सूडही उगवायचा नाही. त्याचं मूळ विश्वाच्या पलीकडचं आहे आणि त्याच्या लेखी माणूस खिजगणतीतही नाही. कॉस्मिक हॉरर म्हणतात ते हेच.

त्याच उन्हाळ्यात लव्हक्राफ्ट मॅसॅच्युसेट्समधल्या विल्ब्रहॅम गावी मुक्कामाला होता. व्हिप-पुअर-विल या रात्री ओरडणाऱ्या पक्ष्याबद्दलची समजूत त्याला तिथेच ऐकायला मिळाली. आपल्याकडच्या रातव्याचा हा नातलग. मरणाऱ्याच्या खिडकीबाहेर हे पक्षी जमतात, त्याच्या श्वासाच्या तालावर ओरडतात आणि जाणारा आत्मा पकडायला टपून बसतात, अशी ती समजूत. कथेत विल्बर या मुख्य पात्राचा आजोबा, म्हातारा व्हॅटली मरतो तेव्हा बाहेर हाच गलका चाललेला असतो.

एप्रिल १९२९ मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ मासिकाने कथा छापली आणि २४० डॉलर दिले. तोवर एका कथेचे एवढे पैसे लव्हक्राफ्टला कधी मिळाले नव्हते. १९३७ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी तो गरिबीतच गेला. मोठ्या प्रकाशकाने त्याचं एकही पुस्तक काढलं नव्हतं. ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वांड्रेई या दोन स्नेह्यांनी १९३९ मध्ये केवळ त्याच्या कथा पुस्तकरूपात काढण्यासाठी ‘आर्कहॅम हाऊस’ ही प्रकाशनसंस्था उभी केली. त्यांच्या पहिल्या ग्रंथाच्या अवघ्या १,२६८ प्रती निघाल्या. त्यांनी हे केलं नसतं, तर कथा जुन्या मासिकांच्या रद्दीतच राहिली असती.

१ नोव्हेंबर १९४५ रोजी सीबीएस या अमेरिकी रेडिओ कंपनीच्या ‘सस्पेन्स’ या गाजलेल्या मालिकेत ती अर्ध्या तासाचं नाटक होऊन आली. राक्षसाशी लढणाऱ्या ग्रंथपाल डॉ. आर्मिटेजची भूमिका सिनेनट रोनाल्ड कोलमन यांची होती. त्या काळी त्यांचा आवाजच लोकांच्या ओळखीचा. कथेत विल्बर व्हॅटली पंधरा वर्षांत अनैसर्गिक वेगाने वाढतो आणि वर कोंडलेल्या ‘त्या’साठी घराचा वरचा मजला हळूहळू पोकळ केला जातो. भीती अशी मुरत जायला अर्धा तास फार थोडा. पण अदृश्य राक्षसाला रेडिओसारखी दुसरी जागा नाही, कारण इथे तो दाखवावाच लागत नाही.

त्या प्रसारणाचं ध्वनिमुद्रण सुदैवाने टिकलं आहे. पुढे २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एच. पी. लव्हक्राफ्ट हिस्टॉरिकल सोसायटीने ही कथा पुन्हा नाट्यरूपात ध्वनिमुद्रित केली, तीही मुद्दाम १९३० च्या दशकातल्या रेडिओ नाटकाच्या घाटात.