प्रस्तरारोहण : बेळगाव सीमाभाग

प्रस्तरारोहण (बेळगाव सीमाभाग) : कर्नाटकातील बेळगाव (अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी) आणि त्याला लागून असलेल्या बागलकोट जिल्ह्यातील कातळकड्यांवर दोराच्या आधाराने केले जाणारे आरोहण. तेथील नव्या मार्गांची आखणी व प्रशिक्षकांचे बचाव-शिक्षण यांचाही विचार या नोंदीत केला आहे. ‘प्रस्तरारोहण’ हा शब्द छापील मजकुरातला. चढणारे ‘क्लाइंबिंग’ म्हणतात.

या भागाचे वैशिष्ट्य त्याच्या खडकात आहे. दख्खनच्या लाव्हाथरांची दक्षिण कड येथे विरत जाते. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला व उत्तरेला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा काळा बेसाल्ट आणि त्यावर जांभ्याची टोपी आढळते, तर पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन असे कलादगी समूहाचे वालुकाश्म व क्वार्टझाइट उघडे पडले आहेत. या समूहाच्या खालच्या बागलकोट गटाचे वय एक अब्ज वर्षांहून अधिक मानले जाते. त्यावर विसंगतपणे (मध्ये मोठ्या कालखंडाचा खंड पडून) बसलेल्या बदामी गटाच्या वयाबद्दल एकमत नाही. तो नवप्राग्जीव काळातला (सुमारे १०० ते ५४ कोटी वर्षांपूर्वीचा) असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आरोहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की सह्याद्रीत घडलेला चढाईपटू गोकाकच्या पुढे गेला की पुन्हा नवशिका ठरतो. बेसाल्टमध्ये भेगा शोधून मेखा ठोकायच्या, मधल्या ठिसूळ तांबड्या थराला हात लावायचा नाही, घसाऱ्यावर (सुट्या दगडमातीच्या उतारावर) पाय जपून टाकायचा. बदामीच्या वालुकाश्मात भेगा कमी. आडवे पट्टे, बोटांपुरती भोके आणि बाहेर झुकलेल्या भिंती अधिक. जांभा मात्र चढाईला जवळजवळ निरुपयोगी. त्यामुळे येळ्ळूरच्या राजहंसगडाची तटबंदी पाहण्याजोगी असली, तरी तिच्यावर दोर लावण्यात अर्थ नाही.

या भागातील आरोहणाचा उगम सांगताना घोरपडीची कथा हटकून येते, म्हणून तिचा परामर्श घेणे भाग आहे. मुधोळच्या (जि. बागलकोट) घोरपडे घराण्याच्या परंपरेनुसार, बहमनी वजीर महमूद गावानच्या कोकण स्वारीत (सु. १४६९–७१) खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेताना कर्णसिंह व भीमसिंह यांनी घोरपडीच्या कमरेला दोर बांधून कडा सर केला. त्याबद्दल बहमनी सुलतानाने ‘राजा घोरपडे बहादूर’ हा किताब आणि मुधोळची जहागीर दिली, असे सांगतात. या कथेचा आधार मुधोळ दप्तरातील फर्माने हा आहे. भोसले घराण्याच्या सिसोदिया वंशाच्या दाव्यासाठीही हीच फर्माने पुढे केली जातात आणि त्यांच्या अस्सलपणाविषयी इतिहाससंशोधकांत जुना वाद आहे. सिंहगडाच्या (१६७०) प्रसंगाची गतही तशीच. सभासद बखरीत मावळे वानरासारखे कडा चढून गेल्याचे वर्णन आहे, घोरपडीचा उल्लेख नाही. ‘यशवंती’ नावाची घोरपड येते ती पोवाड्यातून.

दोराच्या गणितानेही कथा अवघडच ठरते. प्रौढ घोरपडीचे वजन सहसा सात किलोंच्या आत असते. ती कपारीत अंग फुगवून घट्ट बसते हे खरे, पण साठ किलोंचा माणूस दोरावर लोंबकळू लागला की प्रश्न नखांच्या पकडीचा राहत नाही. हलकी सुतळी वर नेण्यापुरता तिचा उपयोग झाला असल्यास अशक्य नाही. तरी जाड दोर बांधायला वर माणूस लागतोच, आणि तो आधी हाताने चढलेला असणार. घोरपडे आडनाव आधी की कथा आधी, हा प्रश्न म्हणून उघडाच ठेवलेला बरा. (घोरपड आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे प्रयोगाचा मोह कोणी धरू नये.)

आधुनिक चढाईचे प्रमुख स्थळ बदामी. बेळगावाहून रस्त्याने सुमारे दीडशे किमी. येथील लाल वालुकाश्मावर बोल्ट (भोक पाडून बसवलेली धातूची खीळ) मारलेल्या मार्गांचा अवघडपणा फ्रेंच श्रेणीने मोजला जातो. चालुक्यकालीन लेणी (तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा इ. स. ५७८ चा लेख) याच कड्यांत खोदलेली असल्याने संरक्षित स्मारकाच्या हद्दीत भोक पाडण्याचा प्रश्नच येत नाही. चढाईच्या भिंती त्यापासून बाजूला आहेत. गोकाकचा घटप्रभेवरील धबधबा सुमारे ५२ मी. उंचीच्या कठीण वालुकाश्मी कड्यावरून कोसळतो. घोड्याच्या नालासारखा तो कडा लांबून मोहात पाडतो, पण पावसाळ्यात व त्यानंतर बराच काळ ओला असतो. सौंदत्तीजवळ मलप्रभेने कापलेली नविलुतीर्थाची खिंडही याच खडकाची. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यात आहे. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून जाता येत नाही.

नवा मार्ग ‘ओपन’ करणे म्हणजे पहिल्यांदा चढून जाणे एवढेच नव्हे. वरून दोर सोडून भिंत साफ करतात, सैल दगड पाडतात, आणि हातोडीने कातळ ठोकून पाहतात : खणखणीत आवाज आला तर खडक सलग, बद्द आवाज आला तर मागे पोकळी. वालुकाश्मात फुगून बसणारा बोल्ट भोवतालच्या मऊ खडकावर ताण देतो, म्हणून लांब, रासायनिक गोंदाने बसवलेला बोल्ट पसंत करतात. गोंद धरण्यासाठी भोकातली धूळ पूर्ण निघाली पाहिजे. फुंकणी, ब्रश, पुन्हा फुंकणी, असे निदान दोन-तीनदा करतात. घाईत हेच काम राहून जाते आणि बोल्ट बाहेरून पक्का दिसत असूनही धुळीला चिकटलेला असतो. पावसाने भिजलेला वालुकाश्म दुबळा होतो. कातळ आतून वाळेपर्यंत, म्हणजे एक ते तीन दिवस, चढू नये. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आग्यामोहोळ लागलेली भिंत त्या काळातही सोडून द्यावी लागते. मार्गाचा रेखाटलेला नकाशा, म्हणजे ‘टोपो’, बोल्टची संख्या, उतरण्याचे ठिकाण व लागणारी दोराची लांबी सांगतो. पोळ्याची जागा मात्र गुराख्यालाच विचारावी.

प्रशिक्षकांचे औपचारिक शिक्षण या भागाबाहेर होते. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (१९६५) किंवा दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था (१९५४) येथे बेसिक, मग ‘अ’ श्रेणी मिळाल्यास ॲडव्हान्स, आणि त्यातही ‘अ’ श्रेणी असेल तर मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन (शिकवण्याची पद्धत) अशी चढती पायरी आहे. शोध व बचावाचा अभ्यासक्रम वेगळा. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आणि सैन्याची कमांडो शाळा आहे, पण तिचे प्रशिक्षण नागरिकांसाठी नाही. राज्याच्या साहसी उपक्रमांचे काम बंगळूरच्या जनरल तिमय्या अकादमीकडे आहे.

बचावाच्या सरावात पहिला धडा म्हणजे बिलेतून (चढणाऱ्याचा दोर खालून धरून त्याला सांभाळण्याच्या कामातून) सुटका : पडलेल्या सहकाऱ्याचा भार ताण येताच दोराला आवळणाऱ्या प्रुसिक गाठीने (कार्ल प्रुसिक, १९३१) अँकरवर, म्हणजे कातळातल्या पक्क्या आधारावर, सरकवून स्वतःचे हात मोकळे करणे. मग ओढण्याची यंत्रणा. दोर इंग्रजी ‘झेड’ अक्षरासारखा वळवून ओढण्याच्या पद्धतीत कागदावर तिप्पट फायदा मिळतो; पण पुलीऐवजी कॅरॅबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) वापरले तर प्रत्येक वळणावर घर्षणात जवळजवळ निम्मे बळ जाते आणि प्रत्यक्ष फायदा दुपटीच्या आत येतो. ऐंशी किलोंचा माणूस दोघांना का हलत नाही, हे शिकणाऱ्याला तेव्हा कळते. खाली उतरवणे शक्य असेल तर वर ओढू नये, हा नियम म्हणूनच. हार्नेसमध्ये (कमर-मांड्यांच्या पट्ट्यात) निश्चल लटकलेल्या माणसाची प्रकृती काही मिनिटांतच बिघडू शकते. त्याला उतरवल्यावर आडवे करू नये असे पूर्वी शिकवत. ब्रिटनमधील २००९ च्या आढाव्यानंतर तो सल्ला मागे पडला आणि नेहमीचे प्रथमोपचार करावेत हे मत रूढ झाले. जुन्या टिपणांवरून शिकवणाऱ्यांकडून मात्र तो अजूनही ऐकू येतो.

सीमाभागातील गटांत मराठी व कन्नड दोन्ही बोलणारे असतात. दोराला एकाने ‘दोर’ म्हणावे, दुसऱ्याने ‘हग्ग’. वाऱ्यात दोन्ही शब्द सारखेच विरतात. म्हणून ‘स्लॅक’ (दोर सैल सोड), ‘टाईट’ (दोर ताण), ‘ऑन बिले’ (दोर धरला आहे) या ठरीव हाका चढण्यापूर्वी एकमेकांकडून वदवून घेतात, आणि आवाज पोहोचत नसेल तेथे दोराला द्यायच्या झटक्यांची संख्या ठरवतात.